लव्ह, स्वल्पविराम, आई

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, ‘लव्ह आई’. पाठवणाऱ्या माउलीला सांगायचं असतं की हे प्रेम आईकडून आहे. इंग्रजी व्याकरणाप्रमाणे मात्र ही सरळ आज्ञा झाली: आईवर प्रेम कर! मध्ये एक स्वल्पविराम टाकला की आज्ञा संपते. ‘लव्ह, आई’मध्ये लव्ह हे नाम आणि आई ही सही. स्वल्पविरामाचा कंटाळा असेल तर ‘लव्ह फ्रॉम आई’ लिहावं, कसलंच चिन्ह लागत नाही.

‘लव्ह यू, आई’ हे त्याहून अवघड जागेचं दुखणं. इथे स्वल्पविराम अगदी जागच्या जागी आहे, तरी हे आईने लिहिलंय की आईला लिहिलंय ते कळत नाही. कारण इंग्रजीत संबोधनाआधीही स्वल्पविराम आणि सहीआधीही स्वल्पविरामच. कागदावरच्या पत्रात सही खालच्या ओळीत जायची, म्हणून प्रश्न यायचा नाही. मोबाइलवर सगळं एकाच ओळीत कोंबलं जातं. आईला लिहायचं असेल तर ‘लव्ह यू, आई’ नंतर पूर्णविराम द्यावा आणि आपलं नाव खाली घ्यावं. आईच लिहीत असेल तर पूर्णविराम ‘यू’नंतर आणि ‘आई’ खालच्या ओळीत.

या सगळ्या भानगडीचं मूळ असं की इंग्रजी पत्राचा शेवट म्हणजे एका लांबलचक वाक्याचं उरलेलं शेपूट आहे. अठराव्या शतकात पत्र संपायचं ते ‘आपला अत्यंत आज्ञाधारक, नम्र सेवक’ अशा थाटात. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रांखालीही हेच सापडतं. पुढे त्याचं ‘आय रिमेन, युवर्स सिन्सिअरली’ झालं. मग ‘आय रिमेन’ही गळालं. कर्ता गेला, क्रियापद गेलं, उरलं ते ‘युवर्स’.

आपल्या रजेच्या अर्जातलं ‘थँकिंग यू’ही त्याच जुन्या वाक्याचा तुकडा. पूर्वी ‘थँकिंग यू, आय रिमेन, युवर्स फेथफुली’ असं सलग असायचं, तेव्हा आभार मानणारा ‘आय’ वाक्यात हजर होता. आता तो नाही, आणि ‘थँकिंग यू’ लोंबकळत राहिलंय. त्यापेक्षा ‘थँक यू’ लिहून पूर्णविराम द्यावा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ची चूक निराळी. इथला ‘टू’ क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे. शंका आली तर पुढे नाम घालून बघायचं: ‘टू युवर व्हिजिट’ चालतं ना? मग ‘टू मीटिंग यू’च हवं.

‘युवर’ की ‘युवर्स’ इथे मराठी माणूस हमखास घसरतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्याला ‘तुझा लाडका मुलगा’ आणि नुसतं ‘तुझाच’ दोन्हीकडे एकच ‘तुझा’ पुरतो. इंग्रजीत पुढे नाम असेल तर ‘युवर’: युवर लव्हिंग सन. पुढे नाम नसेल तर ‘युवर्स’: युवर्स लव्हिंगली, किंवा नुसतंच युवर्स. या दोघांची खिचडी करून झालेलं ‘युवर्स लव्हिंग सन’ अजून पत्रांत सुखाने नांदतंय. अपॉस्ट्रॉफी मात्र यात कुठेच नाही. अठराव्या शतकात ती ‘युवर्स’मध्येही दिसायची, पण आज तो दाखला देऊन परीक्षेत गुण मिळणार नाहीत. कॅपिटल फक्त पहिल्या शब्दाला. आणि स्पेलिंगचा खोडसाळपणा बघा: ‘सिन्सिअरली’त मूळ शब्दाचा ई राहतो, ‘ट्रूली’त जातो.

‘लॉट्स ऑफ लव्ह’मधलं प्रेम मोजता येत नाही, म्हणून कितीही उतू गेलं तरी त्याला एस लावायचा नाही. ‘रिगार्ड्स’ आणि ‘विशेस’ मात्र अनेकवचनीच. आहेराच्या पाकिटावरच्या ‘कॉम्प्लिमेंट्स’मध्ये पीनंतरच्या एलपुढे आय हवा, तिथे ई पडला की शुभेच्छांऐवजी पूरक वस्तू होतात, आणि अशी पाकिटं छापूनसुद्धा येतात. त्याच पाकिटावर नवरा-बायकोच्या वतीने लिहिताना ‘फ्रॉम नेहा अँड आय’ असं भारदस्त लिहायचा मोह होतो. नेहाला क्षणभर बाजूला ठेवा. ‘फ्रॉम आय’ कोणी म्हणेल का? म्हणून ‘फ्रॉम नेहा अँड मी’. इंग्रजी ‘मी’ आणि मराठी ‘मी’ एकत्र आल्याने विचित्र वाटतं खरं, पण बरोबर तेच.

अनोळखी ‘डिअर सर’ला फेथफुली आणि नावाने लिहिलं तर सिन्सिअरली, हा ब्रिटिश रिवाज शाळेत पाठ झालेलाच असतो. अमेरिकन लोक दोन्हीकडे ‘सिन्सिअरली’वर भागवतात.

राहता राहिली लघुरूपं. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन कधीकधी निरोपाखाली ‘एलओएल’ लिहीत, ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून. त्याचा अर्थ खदखदून हसणं असा आहे हे आपणच त्यांना सांगितलं आणि मग ते थांबले, असं तिथल्या वृत्तपत्रांच्या माजी संपादक रिबेका ब्रूक्स यांनी २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीपुढे सांगितलं. सांत्वनाच्या निरोपाखाली तर हे तीन शब्द पूर्णच टाइप करावेत.