पाऊण साइजची खरखर अखेर सापडली

सापडली. एकदाची सापडली. मागच्या दोन अपडेटमध्ये जिच्यावरून तुम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं, ती पाऊण साइजच्या व्हायोलिनमधली खरखर ना ब्रिजमध्ये (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीत) होती, ना तारेत, ना पोरीच्या बोटात.

रविवारी मी व्हायोलिन शिकवतो ती आमची विश्रामबागेतली चार पोरांची चौकडी तुम्हाला माहीत आहेच. त्यातली पाऊणवाली (थ्री-फोर्थ, म्हणजे पोरांच्या मापाचं छोटं व्हायोलिन, वय अकरा, हट्ट सव्वाशेर) सुझुकीच्या (व्हायोलिन शिकण्याच्या पुस्तकमालेतल्या) चौथ्या पुस्तकातल्या विवाल्डीच्या ए मायनर कॉन्चेर्टोवर येऊन थांबली. अडली म्हणून नाही, रमली म्हणून. १७११ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या बारा कॉन्चेर्टोंतला हा सहावा, आणि ही पोरगी तो शाळेच्या रिक्षात गुणगुणते. बरीच जाणती मंडळी ‘परीक्षेचा पीस’ म्हणून नाक मुरडतात. मला पटत नाही. ऐकणाऱ्याला तो अवघड वाटतो आणि वाजवणाऱ्याच्या हाताखाली मात्र गुमान बसतो. दहा-बारा वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे?

तर खरखर. ए तारेवर दुसरं बोट, सी नॅचरल. दुसऱ्या कुठल्याही सुरावर नाही. ए हा सा धरला तर सी म्हणजे कोमल गंधार, आणि कोमल गंधाराशिवाय मायनर कसलं! पहिल्या पानावर तो इतक्यांदा येतो की सगळा पीसच सर्दी झाल्यासारखा वाजायचा.

पहिला संशय फाइन ट्यूनरवर, म्हणजे तारा बारीक जुळवायच्या स्क्रूंवर. चारही स्क्रू आवळले, काही नाही. ई तारेची प्लॅस्टिकची नळी काढली, काही नाही. मग पोरीच्या कानातलं डूल चिनरेस्टला (हनुवटी टेकवायच्या पट्टीला) लागतंय असा शोध लावला आणि एक अख्खा रविवार डूल काढून वाजवण्यात घालवला. ब्रिज सरळ केला. ए तार बदलली. (स्वस्तातली प्रिल्यूडच लावली. पाऊण साइजला ती पुरते. महागड्या डॉमिनंट तारांवर खर्च करायचा तो फुल साइज आल्यावर. ज्या ऑनलाइन दुकानानं हे व्हायोलिन ‘सेट-अप करूनच पाठवतो’ म्हणून पाठवलं, त्यांच्या सेट-अपमध्ये ब्रिज उलटा होता, हे मी आधी लिहिलंच आहे. पुन्हा नको, बीपी वाढतं.)

मग एक बरी युक्ती सुचली. तोच सी डी तारेवर, तिसऱ्या पोझिशनला (हात तारेवर पुढे सरकवून) चौथ्या बोटानं वाजवून पाहिला. तिथेही खरखर! म्हणजे तार संशयातून सुटली, बोटही सुटलं. ५२३ हर्ट्झच्या आसपासचा सूर कुठूनही आला की खोक्यातलं काहीतरी थरथरतं, एवढं नक्की झालं.

इथे मी फसलो. चिनरेस्ट काढला तर खरखर वाढली, आवळून बसवला तर गेली. मला वाटलं, चिनरेस्टच सैल. आवळला, पार्टी दिली. दोन दिवसांनी पोरीचा फोन: “काका, परत खरखरतंय.” पुन्हा आवळला, तर स्क्रूचे आटेच गेले.

शेवटी शनिवारी मिरजेला गेलो. तंबोऱ्यांच्या गल्लीत व्हायोलिन घेऊन जायचं म्हणजे पैलवानाच्या तालमीत कॅरमबोर्ड घेऊन गेल्यासारखं वाटत होतं. पण तंबोरेवाले चाचा म्हणजे भोपळे आणि लाकडं यांच्यात जन्म गेलेला माणूस. चाचांनी आधी पोरीला तो सूर वाजवायला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि हसायलाच लागले.

“आमी जल्मभर तारंतनं ही खरखर काढाय झिजतोय, आन् तुमी ती घालवाय आलाय व्हय!”

खरंच की. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ रुंद. तार तिला चाटत जाते, खाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की जवारी, म्हणजे ती गुंजणारी खरखर, खुलते. ते त्यांचं आयुष्यभराचं काम. व्हायोलिनच्या ब्रिजची कड पातळ, तिथे तसलं काही व्हायलाच नको.

मग त्यांनी बोटाच्या पेरानं कडेकडेनं टकटक करायला सुरुवात केली. टक, टक, टक... आणि डाव्या अंगाला, बरोबर चिनरेस्टच्या क्लॅम्पखाली, ठप्प. वरची पाटी बाजूच्या पट्टीपासून सुटली होती, जेमतेम दोन बोटं. कागदाची कड आत सरकली. क्लॅम्प आवळला की फट मिटायची, सैल झाला की उघडायची. महिनाभर मी रोग्याचं पांघरूण घट्ट करत होतो.

कारणही तिथेच उलगडलं. मे महिनाभर व्हायोलिन जतला, मामाच्या घरी, पत्र्याखालच्या माळ्यावर. लाकूड सुकून आकसलं आणि सरसानं साथ सोडली. हा सरसाचा दोष नाही, गुण आहे. तो लाकडापेक्षा कच्चा ठेवतात तो याचसाठी, ताण आला की जोड सुटावा, पाटी तडकू नये. आमच्या शेजारच्या सुतारदादांनी फेविकॉल पुढे केलं होतं. देवानं वाचवलं. सरस ऊन पाण्यानं पुन्हा उघडता येतो, फेविकॉल लावलं की पुढच्या दुरुस्तीला लाकूडच फाटणार.

चाचांनी तारा थोड्याच उतरवल्या (सगळ्या सोडल्या तर आतला साउंडपोस्ट (दोन पाट्यांमधला लाकडी खुंट) पडतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही), पातळ सुरीनं गरम सरस आत सोडला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. “सोमवारपर्यंत हात लावायचा न्हाई.” तीनशे रुपये, वर चहा त्यांचाच.

सोमवारी संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा कोपऱ्यात पेटीच्या काळी पाचला लावलेला एक जनानी तंबोरा होता. चाचांनी सहज अर्धा सूर उतरवून पांढरी सहाला आणला, म्हणजे आपला ए. पोरगी वाजवायला लागली. सी स्वच्छ! मी उडी मारायच्या बेतात, तेवढ्यात चाचा म्हणाले, “नी उतरतोय.” नी म्हणजे आमचा जी शार्प. पोरीचा तो सूर थोडा खाली असतो हे मला चार महिने ऐकूच आलं नव्हतं. घरी आम्ही ट्यूनरची हिरवी लाइट बघत बसायचो. तंबोऱ्यावर तिनं स्वतःच ऐकलं, बोट वर सरकवलं, आणि तो निषाद सा-ला जाऊन असा टेकला की दुकानातला पॉलिश करणारा पोरगाही थांबला.

बाकी तिघांचं थोडक्यात. धाकट्याचा गोसेकचा गॅव्हॉट झाला, पहिलं पुस्तक संपलं, पेढे मिळाले. दांडगोबा माँटीच्या चार्दाशची संथ सुरुवात गाळून थेट पळत्या भागावर उडी मारतो. सध्या मी हरलोय. चौथीला रीडिंगचा बी मायनर कॉन्चेर्टो दिलाय, सगळा पहिल्या पोझिशनमध्ये, आणि तिला तो विवाल्डीपेक्षा आवडतो.

पुढचा बेत बाखच्या डबलचा, म्हणजे दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोचा होता: सेकंड व्हायोलिन पाऊणवालीकडे, फर्स्ट माझ्याकडे. सुरुवात सेकंडनंच होते, फर्स्ट पाचव्या बारला येतो, त्यामुळे ती आत्तापासून मला ‘मागून येणारे काका’ म्हणते. पण हे लिहितानाच वाटतंय, ते महिनाभर पुढे ढकलावं. आधी चौघांचे स्केल तंबोऱ्यावर. ए मायनरला पांढरी सहा, मग बाखसाठी पांढरी दोन. हार्मोनिक मायनर किरवाणी राग म्हणून गायला लावला तर धाकटाही पकडेल. ॲप नको, खरा तंबोरा हवा. चाचा पंधरा दिवसांसाठी द्यायला तयार आहेत, फक्त तो मिरजेहून स्कूटरवर कसा आणायचा ते ठरायचंय.

आणि हो, आटे गेलेल्या चिनरेस्टच्या जागी पाऊण साइजचा जुना कुणाकडे पडून असेल तर कळवा. सध्या रुमाल बांधून चाललंय.