झाकणावरचे थेंब: धुरीच्या कढईतील कडवटपणाचे मूळ

मागच्या तीन नोंदींमध्ये मी कढईत लाकडाच्या धुरावर मासा शिजवताना त्यावर पडणाऱ्या ज्या कडवट डागाबद्दल लिहीत आलो आहे, त्याचे मूळ अखेर काल सापडले. ते लाकडात नव्हते, झाकणात होते.

मांडणी नेहमीचीच होती: लोखंडी कढई, तळाशी फॉइल, सफरचंदाच्या लाकडाचा दोन चमचे भुसा, त्यावर रस झेलणारी ताटली, मग जाळी आणि सपाट झाकण. माशाचा तुकडा वीस मिनिटांत सुरेख सोनेरी होई, परंतु मधोमध बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग पडे आणि तेवढाच घास डांबरासारखा लागे. आधी मी भुसा निम्मा केला. डाग फिका झाला, पण धुराचा गंधही गेला. मग भुसा भिजवून पाहिला. हा सल्ला बरेच जण देतात, मात्र शेगडीवरच्या धुरीसाठी तो मला निरुपयोगी वाटतो, कारण पाणी उडून जाईपर्यंत लाकूड 100 अंशांच्या फारसे वर तापतच नाही आणि तोवर कढईत नुसती वाफ कोंडते. त्या दिवशी डाग सर्वांत मोठा पडला, आणि खरी खूण तीच होती.

काल आच बंद करताच मी झाकण सरळ वर उचलून खालून पाहिले, तेव्हा मुठीचा स्क्रू जिथे आत डोकावतो, नेमक्या त्याच टोकाला गडद तपकिरी थेंब लोंबत होते. माशातून निघालेली वाफ झाकणाला लागून निवते, धुरातले डांबरी अंश तिच्यात मिसळतात, आणि ते पाणी स्क्रूपाशी जमून खाली ठिबकते.

लगेच जाळीवर फॉइलचा शंकू उभारला आणि त्याच्या कडा तुकड्याच्या बाहेर नेल्या, म्हणजे थेंब कढईच्या भिंतीकडे ओघळावेत. शिवाय मिठाच्या पाण्यातून काढलेला दुसरा तुकडा पुसून, एकाऐवजी तीन तास फ्रीजमध्ये उघडा ठेवला, त्यामुळे पृष्ठभागावर बोटाला किंचित चिकटणारा कोरडा थर आला. तापमापकाच्या प्रोबने, म्हणजे तुकड्यात खुपसलेल्या सुईने, मध्यभागी 63 अंश दाखवले, तेव्हा झाकण काढले. एकही डाग नव्हता. तो तुकडा मी उभ्याउभ्याच, अगदी सावकाश खाल्ला.

प्रोबवाला तापमापक हे या छंदातले सर्वांत मोलाचे साधन आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. एका विक्रेत्याकडून आलेल्या नव्या भुशाला मात्र राळेचा वास येत होता. तो मी वापरला नाही, कारण राळयुक्त लाकडाचा धूर कडवट असतो. खिडकी उघडी ठेवण्याबाबत तर तडजोड नकोच: धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी तो काढून टाकत नाही.

पुढची पाळी चीजची ठरली होती. पण हे लिहितानाच ध्यानात आले की कढईच्या मापाचा स्टीलचा खोलगट वाडगा उपडा घातला, तर स्क्रूही राहणार नाही आणि शंकूही लागणार नाही, कारण गोलाईवरून थेंब आपोआप कडेला जातील. म्हणून चीज थांबेल. आधी जाळीवर माशाऐवजी ओले फडके आणि त्यावर पांढरी चिनी मातीची बशी ठेवून एक फेरी करीन, म्हणजे थेंब कुठे पडतात ते स्पष्ट दिसेल. वाडग्याची कड आणि कढईची कड जिथे भिडतात, तिथल्या फटीतून धूर निसटेल. त्यासाठी फॉइलची दुहेरी पट्टी कापून ठेवली आहे.