फिलेटची सुरी : उजनी ते हर्णै, जून ते नोव्हेंबर

जून, दुसरा आठवडा

गेल्या डिसेंबरात कोकणातल्या हर्णैच्या खडकांवर मिळालेली तांबोशी तिथेच साफ केली आणि सुरी ओली असतानाच चामड्याच्या म्यानात गेली. चार दिवसांनी पुण्यात ती बाहेर काढली, तेव्हा पात्याच्या पुढच्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडलेले होते. पात्यावर ‘स्टेनलेस’ एवढाच शब्द कोरलेला होता. पोलाद कोणते, कडकपणा किती, याचा उल्लेख कुठेही नव्हता आणि विकत घेताना मीही तो विचारला नव्हता. धारेवरचा खड्डा वरवर घासून जात नाही, त्याच्या तळापर्यंतचे सगळे पोलाद झिजवावे लागते. म्हणून ती सुरी बाजूला ठेवून या पावसाळ्यात नव्याने निवड करायचे ठरवले. गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या, मित्रांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद क्रमाने ठेवत आहे.

आमच्या घरी मासा विळीवरच कापला जातो. विळीचे पाते स्थिर असते आणि मासा दोन्ही हातांनी पात्यावर चालवला जातो. तुकड्या पाडायला, म्हणजे काट्यासकट आडवे छेद घ्यायला, याहून चांगले हत्यार मी पाहिलेले नाही. मात्र माझ्या आईला आता ताटातला बारीक काटा दिसत नाही आणि मासा सोडायची तिची तयारी नाही. तिच्यासाठी मांस काट्यावरून अखंड सोडवावे लागते, म्हणजेच फिलेट काढावे लागते. हा छेद मधल्या काट्याच्या अंगाने लांबीत जातो, पात्याला हाडाच्या उंचसखल बाजूवरून वळत जावे लागते, आणि तिथे विळीच्या जाड, ताठ पात्याचा इलाज चालत नाही. डोके आणि काटा कालवणालाच जातात, त्यामुळे वाया काही जात नाही. पण काट्याला किती मांस चिकटून राहिले यावरून सुरी आणि हात दोन्ही कळतात.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि खडकांवर उभे राहण्यासारखा समुद्रही नसतो. त्यामुळे पहिले दोन महिने गोड्या पाण्यातल्या माशांवर, म्हणजे उजनी धरणातली चिलापी (तिलापिया), रोहू आणि शिंगाळा यांवर प्रयोग करणार आहे.

जून, अखेर

एका मित्राने त्याची रापाला कंपनीची सहा इंची सुरी महिनाभरासाठी दिली आहे. बर्च लाकडाच्या मुठीची ही सुरी १९६७ पासून विकली जाते आणि ती फिनलंडमधल्या रोव्हानिएमीच्या मार्तीनी या १९२८ सालच्या कारखान्याने घडवलेली आहे. पाते अरुंद असून टोकाकडे हळूहळू पातळ होत जाते, त्यामुळे ते मुठीपाशी ताठ राहते आणि पुढच्या निम्म्या भागात वाकते. माझ्या जुन्या सुरीचे पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचे होते. हा फरक दुकानात उभे राहून कधीच लक्षात आला नसता.

चिलापीवर फरक लगेच दिसला. कल्ल्यामागे तिरका छेद घेऊन मधल्या काट्यापर्यंत पोहोचल्यावर पाते आडवे करायचे आणि शेपटीकडे ओढत न्यायचे, एवढीच कृती आहे. पण विळीची सवय असलेला माझा हात दाबत होता, आणि दाबले की पाते काट्यात शिरते. तिसऱ्या-चौथ्या माशापासून हात ओढू लागला आणि पाते हाडावरून घसरताना होणारा करकर आवाज येऊ लागला. तो आवाज येत असेल तर पाते योग्य जागी आहे असे मी समजतो. जुन्या सुरीने ७०० ग्रॅमच्या चिलापीतून कातडी काढून २०० ग्रॅम मांस सुटले होते. जवळपास त्याच वजनाच्या माशातून या वेळी २३० ग्रॅम निघाले.

जुलै, दुसरा आठवडा

‘लवचीक’ हा शब्द प्रत्येक विक्रेता वापरतो, म्हणून तो मोजण्याची एक साधी रीत ठरवली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवायचा, पात्याचे टोक सपाट बाजूने त्यावर टेकवायचे, पाते दोन सेंटिमीटर वाकेपर्यंत मूठ खाली दाबायची आणि आकडा वाचायचा. दोन मित्रांच्या सुऱ्या धरून चार सुऱ्या तपासल्या. सर्वांत मऊ पाते सुमारे ६०० ग्रॅमला वाकले, तर सर्वांत ताठ पाते अडीच किलोच्याही पुढे गेले, आणि या दोन्ही सुऱ्या ‘लवचीक फिलेट नाइफ’ याच नावाने घेतलेल्या होत्या.

याचे कारण पोलादाच्या जातीत शोधू नये. सुरीच्या सगळ्या पोलादांची वाकण्याची मूळ प्रवृत्ती जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो मापांमुळे. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि लांबीच्या घनाप्रमाणे घटतो. दीड मिलिमीटरऐवजी दोन मिलिमीटर जाडी घेतली तर ताठपणा सुमारे २.४ पट होतो, आणि तेवढ्याच जाडीचे पाते सहा इंचांऐवजी नऊ इंच घेतले तर ते सुमारे साडेतीन पट मऊ होते. म्हणून ऑनलाइन खरेदी करताना मी आता पोलादाच्या नावाआधी पाठीची जाडी विचारतो, आणि ती न सांगणाऱ्याकडून घेत नाही.

जुलै, अखेर

रोहूने माझा बराच अभिमान उतरवला. मधल्या काट्यावरून मांस सुंदर सुटले, पण पाठीच्या मांसात रुतलेले इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे सुटे काटे जसेच्या तसे राहिले. हे काटे कण्याला जोडलेले नसतात, मांसाच्या थरांमध्ये तरंगत असतात, त्यामुळे रोहू, कटला आणि मृगळ यांचे नुसते फिलेट काढून ते जात नाहीत. उपाय असा की कातडी खाली ठेवून मांसाला दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने कातडीपर्यंत आडवे काप द्यायचे आणि कडक तळायचे. तुटलेले काटे तेलात कुरकुरीत होतात. पण या कामाला वाकणारे लांब पाते अगदीच निरुपयोगी ठरते, कारण काट्यावर टेकताच ते बाजूला सरकते आणि कापांचे अंतर बिघडते. येथे आखूड, ताठ आणि अतिशय धारदार पाते हवे.

शिंगाळ्याबद्दल एवढेच की त्याच्या छातीच्या परांचे दातेरी काटे पक्कडीने आधी काढावेत आणि मगच सुरी हातात घ्यावी. त्याच्या बुळबुळीतपणाने मुठीचा प्रश्न मात्र कायमचा निकालात काढला. ओल्या हातात गुळगुळीत मूठ फिरते, आणि पात्यापाशी बोट अडवणारा उंचवटा नसेल तर बोट धारेवर जाते. मी आता डाव्या हातात कापरोधक मोजा घातल्याशिवाय कातडी काढत नाही.

ऑगस्ट, नारळी पौर्णिमेनंतर

समुद्र उघडला आणि पोलादाचा विचार पुढे आला. स्टेनलेस पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पात्याचे रक्षण करतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. त्यातले क्लोराइड हा थर जागोजागी फोडते आणि नेमक्या त्या जागी खड्डा पडतो. बंद, ओले म्यान तर थराला पुन्हा सांधायला लागणारी हवाच मिळू देत नाही. गोड्या पाण्यावर वर्षानुवर्षे टिकलेली सुरी खाऱ्या पाण्याच्या एका फेरीत डागाळते, त्याचे कारण हे आहे.

कार्बन जास्त असले की धार टिकते, पण कार्बन काही क्रोमियम स्वतःशी बांधून घेते आणि संरक्षणाला कमी क्रोमियम उरते. व्हीजी-१० या जपानी पोलादात सुमारे एक टक्का कार्बन असते आणि कडकपणा रॉकवेलच्या मापाने ६० च्या आसपास जातो. त्याची धार उत्तम राहते, पण वाकणाऱ्या पातळ पात्याला मला ते जरा ठिसूळ वाटते. दुसऱ्या टोकाला एच-१ हे पोलाद आहे, ज्यात कार्बन अत्यल्प असून नायट्रोजन मिसळलेले असते. ते खाऱ्या पाण्यातही जवळजवळ गंजत नाही, पण त्याची किंमत मला परवडणारी नाही. मी मधला मार्ग घेतला : सुमारे अर्धा टक्का कार्बन, चौदा-पंधरा टक्के क्रोमियम आणि ५५-५६ कडकपणा असलेले १.४११६ या क्रमांकाचे पोलाद. त्या प्रकारच्या पोलादाची, फायब्रॉक्स या प्लास्टिकच्या मुठीची, व्हिक्टोरिनॉक्स कंपनीची सुमारे सात इंची लवचीक सुरी घेतली. तिची धार लवकर मंदावते, पण दगडावर पाच मिनिटांत परतही येते, आणि किनाऱ्यावर मला तेच महत्त्वाचे वाटते.

पहिला मासा पापलेट होता. २०२३ मध्ये ज्याला राज्यमाशाचा मान मिळाला तो मासा फिलेट करणे काहींना पाप वाटेल, आणि अख्खे पापलेट भरून भाजण्याची गोडी मलाही ठाऊक आहे. पण लवचीक पात्याची इतकी चांगली परीक्षा दुसरा मासा घेत नाही. त्याचे काटे पंख्यासारखे पसरलेले आणि मऊ असतात. पाते किंचितही दबले तर ते कापले जातात. मधल्या रेषेवर छेद घेऊन दोन्ही कडांकडे पाते जवळजवळ सपाट नेले आणि प्रत्येक बाजूला दोन असे चार पातळ काप निघाले. आईने तव्यावरचे दोन काप न थांबता खाल्ले.

ऑक्टोबर

हर्णैच्या लिलावातून चार किलोंची सुरमई आणली, आणि सात इंची पाते तिथे अपुरे पडले. रुंद मासा एका ओढीत पार होत नाही, मग पुन्हापुन्हा आत शिरावे लागते आणि सुरमईचे मऊ मांस पायरीपायरीने फाटते. रावसाबाबतही हाच अनुभव आला. शेवटी पुण्यात हॉटेलांना साहित्य पुरवणाऱ्या एका दुकानातून पांढऱ्या प्लास्टिकच्या मुठीची नऊ इंची, पाठीला दोन मिलिमीटरहून थोडी जाड सुरी घेतली. वजनकाट्यावर ती पावणेदोन किलोला वाकते. मोठ्या माशात काटा इतका जाड असतो की पात्याने वाकून त्याला शोधण्याची गरज पडत नाही, तिथे सरळ रेषा हवी. कातडी काढायला मात्र अजूनही सात इंचीच हातात येते.

दोन्ही सुऱ्या किनाऱ्यावरच गोड्या पाण्याने धुऊन, पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो. चार फेऱ्या झाल्या, अद्याप एकही डाग नाही. धार प्रत्येक बाजूला सुमारे सोळा अंशांनी, हजार नंबरच्या (ग्रिटच्या) दगडावर लावतो.

नोव्हेंबर

खड्डे पडलेली जुनी सुरी टाकवत नव्हती. खड्डे पुढच्या भागातच होते, म्हणून सायकलीवर धार लावणाऱ्या काकांकडे नेऊन ती चार इंचांवर कापून घेतली. पोलाद तापून निळे पडले तर त्याचा कडकपणा जातो, हे काकांना सांगावे लागले नाही. दर काही सेकंदांनी ते पाते पाण्याच्या डब्यात बुडवत होते. मुठीकडचा भाग खड्ड्यांपासून वाचलेला होता आणि लांबी घटल्यामुळे ते पाते आता अजिबात वाकत नाही. काल इंदापूरहून आणलेल्या रोहूला त्याच सुरीने आडवे काप दिले. मी मोजले तेव्हा एका बाजूवर बावन्न काप होते, अंतर जवळजवळ सारखे आणि कातडी एकाच ठिकाणी कापली गेलेली.