आज नातीमुळे आजीला प्रवेश!

सिंगापूर बोटॅनिक गार्डन्समधल्या जेकब बालास चिल्ड्रन्स गार्डनला आज आईला घेऊन गेलो. प्रवेश फुकट, पण सोबत लहान मूल नसेल तर मोठ्यांना आत सोडत नाहीत. आईला हा नियम फारच आवडला.

लेक झुलत्या पुलावर मधोमध थबकली. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेले, पाय लटपटतायत. मी पुढे झालो तर म्हणाली, "बाबा, हात नको." आणि गेली की एकटी पार! आईचं खालून सारखं "जपून गं सोनू" चालूच.

आई खरी रमली ती फळझाडांत. खाली पडलेलं लिंबाचं पान चुरगळून तिने नातीच्या नाकाशी धरलं. पुढे प्रत्येक झाडाखाली पोरगी पानंच शोधत होती.

मूळ बोटॅनिक गार्डन्स 1859 सालची, 2015 पासून जागतिक वारसा. तरी मुलांनी इथे चढावं, वाळूत लोळावं, चिंब भिजावं! आपल्याकडच्या बागांतही मुलांना एवढी मोकळीक मिळायला हवी, असं मनापासून वाटतं.

जाणार असाल तर मुलांची ही बाग सोमवारी बंद असते. आणि कपड्यांचा जास्तीचा जोड न्याच.