केळकर संग्रहालयात जाताना आजीला सोबत न्या

मुलांना राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: एवढ्या लहान मुलांना तिथे काय कळणार? थोरली आता दुसरीत जाईल, धाकटा मोठ्या शिशुत आहे. काचेमागच्या वस्तू, हात लावायचा नाही, पळायचं नाही. पण माझ्या मते पुण्यात लहान मुलांना न्यायला याच्याइतकं योग्य संग्रहालय दुसरं नाही. इथल्या कितीतरी वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या साध्या घरगुती वापराच्या आहेत. दिवे, कुलुपं, दौती, फण्या, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. सनावळ्या आणि घराणी पाच वर्षांच्या मुलाला कळत नाहीत, पण भाजी चिरायची, दिवा लावायचा, दाराला कुलूप घालायचं हे त्याला रोज दिसतं.

अडचण एवढीच, की वस्तूंखालच्या पाट्या त्रोटक असतात आणि त्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या असतात. 'अडकित्ता, पितळ' एवढं वाचून दाखवलं की मूल पुढे सरकतं. तिथे ती वस्तू वापरलेलं माणूस लागतं. म्हणून सासूबाईंना, म्हणजे आईंना, गळ घातली. त्यांचं माहेर वाईकडचं, मोठ्या वाड्यातलं. "अगं, जिने चढायचे म्हणजे माझे गुडघे," असं म्हणाल्या, पण मी सावकाश जाऊ म्हटल्यावर तयार झाल्या.

तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू झाली. आईंनी माळ्यावरून त्यांचा पितळी सोऱ्या काढून घेतला. मुलांनी त्यात कणकेचा गोळा भरला, दोघांनी मिळून मूठ फिरवली आणि खालून शेव पडायला लागल्यावर घरभर आरडाओरडा झाला. मग चकत्या बदलून बारीक, जाड, चपटी असं सगळं करून झालं. अडकित्ता मात्र आईंनी स्वतःच्याच हातात ठेवला आणि सुपारी कशी कातरतात ते दाखवलं. हे घरी करून घ्याच. काचेआडच्या वस्तूला हात लावता येत नाही याचं लहान मुलाला फार वाईट वाटतं. तीच वस्तू आधी हाताळलेली असली, की काचेसमोर ते ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखं उभं राहतं.

संग्रहालय बाजीराव रस्त्यालगत, नातूबागेत आहे. गाडी नेऊ नका, पेठेत ती लावायला जागा शोधण्यातच मुलं कंटाळतात. आम्ही कोथरूडहून रिक्षाने गेलो, सकाळी, उघडल्या उघडल्या. पोट भरलेलं, शू करून झालेली, पाण्याची बाटली माझ्या पिशवीत. बाबागाडीचा विचारही करू नका, आत जिने आहेत. आत शिरण्याआधी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, काचेजवळ गेलं की हात पाठीमागे बांधायचे, इन्स्पेक्टर बांधतात तसे. दुसरी, आज आपण फक्त प्राणी आणि पक्षी शोधायचे. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

ही दुसरी गोष्ट इतकी कामाला आली, की मी ती प्रत्येक आईबापाला सांगते. जुन्या कारागिरांनी साधी वस्तू साधी ठेवलेलीच नाही. दिव्याच्या साखळीला पक्षी, टाचा घासायच्या वज्रीच्या मुठीला पक्षी, अडकित्त्याला घोडा नाहीतर पोपट. मुलं एका कपाटापासून दुसऱ्यापर्यंत "मोर! हत्ती! अजून एक हत्ती!" करत गेली आणि त्या निमित्ताने प्रत्येक वस्तूसमोर थांबली. थांबली, की आजी त्यांना गाठायची.

अडकित्त्यांसमोर आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे होतो. घरचा अडकित्ता साधा, इथले बघून आईसुद्धा हरखल्या. पोपटाच्या आकाराचे, घोड्याचे, आणि काही स्त्री-पुरुषाच्या जोडीचे. अडकित्ता मिटला की ती जोडी एकमेकांना बिलगते. थोरलीने नाक काचेला लावून विचारलं, "आजी, सगळं पिवळं आहे आणि कापायचं तेवढंच काळं का?" आईंनी समजावलं, की पितळेला धार टिकत नाही, म्हणून नक्षी पितळेची आणि पातं लोखंडाचं. मग स्वतःच्या आजोबांचं सांगू लागल्या. जेवण झालं की ते पानाचा डबा घेऊन झोपाळ्यावर बसत आणि कातरण्याचा आवाज आला की सगळी नातवंडं बडीशेप मागायला धावत. धाकट्याने तिथल्या तिथे तोंडाने कटकट आवाज काढायला सुरुवात केली. पाटीवर यातलं काहीच लिहिलेलं नाही.

वज्री कशासाठी असते हे मात्र मुलांना ओळखता येईना. धाकट्याच्या मते ती खेळण्यातली गाडी. आईंनी चप्पल काढून टाच दाखवली. अंघोळ करताना टाचा घासायची ही वस्तू, खालचा भाग खरखरीत आणि वर धरायला पक्षी. काही वज्र्या पोकळ करून आत खडे घालत, म्हणजे घासताना छुमछुम वाजायचं. टाचा घासण्यासारख्या कामातही कुणीतरी इतका विचार केलेला बघून मला खरंच भरून आलं.

एवढ्यात थोरलीने विचारलं, "पण राजा कुठे राहायचा इथे?" तिला वाटत होतं हा कुणा राजाचा वाडा आहे. मी हे सांगायचं की नाही याचा आधी विचार करून ठेवला होता, आणि सांगायचंच ठरवलं होतं. राजा हा केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो सात वर्षांचा असतानाच गेला. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, गावोगाव हिंडून, पदरचे पैसे घालून. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. 1975 मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला आणि त्याला नाव राहिलं राजाचं. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात.

मुलांना मी एवढंच म्हटलं, की राजा नावाचा एक मुलगा होता, तो फार लहानपणी वारला, आणि त्याच्या बाबांनी त्याच्या आठवणीत हे सगळं जमवलं. थोरली जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हे त्याचं घर." मी हो म्हटलं. त्यानंतर तिने धाकट्याला एकदाही काचेला हात लावू दिला नाही.

मस्तानी महाल मुलांना आवडेल असं सगळे सांगतात. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे भाग आणून तो इथे पुन्हा उभा केला आहे. मोठ्यांनी सावकाश बघावा असाच तो आहे. आमच्या मुलांना मात्र "आपल्या कोथरूडचा" एवढंच पुरलं आणि दोघं बाहेर पडली. शस्त्रांपाशी धाकटा रमला, विशेषतः माशांच्या खवल्यांचं आणि मगरीच्या कातड्याचं चिलखत बघून. मासा खाल्ल्यावर खवले ठेवून द्यायचे का, हा त्याचा प्रश्न घरी आल्यावरही चालूच होता. वाद्यांच्या दालनापर्यंत पोचलो तेव्हा दोघांचे पाय ओढायला लागले होते, म्हणून तिथून वळलो. मूल "घरी जाऊ" म्हणायच्या आधी निघावं, मग ते परत यायला तयार असतं. तिकिटाचे पैसे पूर्ण वसूल करायच्या नादात मुलांना ओढत नेणारे पालक तिथे दिसतात, त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं, की संग्रहालय कुठे जात नाही.

त्याच दिवशी शनिवारवाडा, विश्रामबागवाडा असं काही जोडून घेऊ नका. इतका वेळ हात पाठीमागे बांधून फिरलेल्या मुलांना नंतर पळायला जागा हवी असते. आम्ही सारसबागेत गेलो. तळ्यातल्या गणपतीला नमस्कार करून मुलं हिरवळीवर सुटली, आणि आई बाकावर गुडघे चोळत बसल्या. त्यांच्या माहेरचं काय काय विकलं गेलं ते मला सांगत होत्या. मोडीत गेलेले हंडे, कुणीतरी किलोवर घेऊन गेलेली समई. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदा ऐकत होते. "तेव्हा कुणाला वाटलं होतं गं, याला कुणी काचेत ठेवेल," असं त्या दोनदा म्हणाल्या.

घरातला सोऱ्या आता माळ्यावर जात नाही, तो ओट्याखाली असतो. पुढच्या खेपेला फक्त वाद्यं बघायची आणि माझ्या वडिलांना न्यायचं असं ठरलंय, कारण ते तबला वाजवतात. आई म्हणतात, मीही येणार, कुलुपं नीट बघायची राहिली.