पुण्यात चार दिवस आणि मावशीची वही

सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली, आई खिडकीशी बसली आणि दौंड यायच्या आत डब्यातल्या कडक भाकरीचे दोन तुकडे शेंगाचटणीशी संपवून मोकळी झाली. वय एकाहत्तर, रक्तदाबाची गोळी रोज सहाच्या ठोक्याला, बाकी तब्येत माझ्यापेक्षा बरी. पुण्याला निघालो ते तिच्या धाकट्या बहिणीकडे. मावशी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, संडास एकच. ही शेवटची गोष्ट मी तेव्हा लक्षात घेतली नव्हती.

पहिला दिवस तुळशीबागेत गेला. दोघी बहिणींनी अडीच तासांत एक चिमटा आणि दोन गाळण्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईला सिंहगड पाहायचा होता. तानाजीचा पोवाडा ती लहानपणापासून ऐकत आलेली, पण गडावर कधी गेली नव्हती. स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने निघालो. धायरी, नांदेड फाटा, मग खडकवासल्याचं पाणी. पायथ्याला शेअर जीप मिळते, तीत दाटीवाटीने बसलो. आतकरवाडीकडून चढणारी तरुण मंडळी धुक्यात दिसत होती. गाडीतळापासून पुणे दरवाजापर्यंतच्या पायऱ्या आईने न थांबता चढल्या. समाधीपाशी हात जोडून बराच वेळ उभी राहिली. ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख मीच तिला सांगितली. ती म्हणाली, "तारखेचं काय, थंडीची रात्र होती हे महत्त्वाचं."

मग झोपडीवजा हॉटेलात चुलीजवळ बसून पिठलं, भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. असं घट्ट दही की मडकं उलटं केलं तरी हलू नये. मी दोन मडकी संपवली, आईने एक. उतरताना पायथ्याला बर्फ घातलेला उसाचा रस. मावशीने तो घेतला नाही, हे पुढे तिने आम्हाला निदान वीस वेळा ऐकवलं.

रात्री दीडला माझं पोट बिघडलं. अडीचला आईचं.

मावशी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून नोकरी केलेली बाई. तिने उठून वहीचं पान आखलं. वेळ, कोण, जुलाब की उलटी. सकाळी आठला माझ्या नावावर नऊ रेघा होत्या, आईच्या नावावर चार जुलाब आणि दोन उलट्या. मावशीचा निकाल तयार: "ताई ठीक आहे. न्यायचं झालं तर तुलाच न्यायला हवं डॉक्टरकडे." मलाही ते पटलं. नऊ म्हणजे नऊ.

मी खालच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने ओआरएसच्या पुड्या दिल्या, जुलाब थांबवायची गोळी दिली आणि न मागता अँटिबायोटिकची पट्टीही पुढे केली. मी गोळी तिथेच गिळली. वर येऊन पाहतो तर मावशीने आधीच्या एका पुडीतली अर्धी पूड पेल्यात घालून आईपुढे धरलेली. आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारट ढोण आहे." दोन दिवसांनी जायची होती म्हणून बरं, नाहीतर त्या पेल्यावरून बहिणीबहिणींत अबोला झाला असता.

आई पलंगावर डोळे मिटून पडली होती. तक्रार काही नाही. पाणी विचारलं की नको. नंतर कळलं की प्यायलं की पुन्हा जावं लागतं म्हणून तिने रात्री तीनपासून पाणीच तोडलं होतं. आणि सहाला उठून रक्तदाबाची गोळी मात्र घेतली होती, कोरड्या तोंडाने. साडेनवाला ती उठली, भिंतीला हात लावला आणि पॅसेजमध्येच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. जीभ टाळूला चिकटत होती, शब्द नीट फुटत नव्हते.

शेजारच्या दोन मुलांनी खुर्चीत बसवून तिला खाली आणलं. रिक्षाने एका छोट्या नर्सिंग होममध्ये गेलो. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या असतील. मी वहीचं पान पुढे केलं. त्यांनी ते कौतुकाने पाहिलं, बाजूला ठेवलं आणि आईला विचारलं, "आजी, शेवटची लघवी कधी झाली?"

आई आमच्या तोंडाकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "काल गडावरून आल्यावर."

सोळा तास. वहीत तो रकानाच नव्हता.

हाताची कातडी चिमटीत धरून पाहतात ना, तसं मीच सुचवलं. त्या म्हणाल्या, या वयात कातडी अशीही सैल असते, चिमटीवर भरवसा ठेवता येत नाही. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, झोपवून आणि बसवून रक्तदाब पाहिला. बसवल्यावर तो बराच उतरत होता. आईच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. आधीच शरीरातलं पाणी गेलेलं, वर ती गोळी, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. रक्त तपासायला पाठवलं, आजच्या दिवस गोळी थांबवली, पुन्हा कधी सुरू करायची ते त्याच सांगणार होत्या. आणि सलाइन.

माझ्याकडे वळून त्यांनी तीन प्रश्न विचारले. ताप? शौचात रक्त किंवा शेंब? पोटात सहन न होणारी कळ? तिन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तुम्ही पाणी पीत राहा." माझे नऊ एका वाक्यात निकालात निघाले. जुलाब थांबवायच्या गोळीबद्दल मात्र बोलणी खाल्ली. रक्त किंवा ताप असताना ती घेतली तर घाण आतच अडकते. अँटिबायोटिकची पट्टी त्यांनी पिशवीत परत ठेवायला लावली.

दुपारभर मी सलाइनच्या बाटलीखाली स्टुलावर बसून होतो. दर वीस मिनिटांनी आत जाऊन येत होतो आणि मधल्या वेळात ओआरएस. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं किंवा ओतून द्यायचं. मावशीच्या पेल्यातला प्रकार उलटा पडला असता, कारण इतकं दाट पाणी आतड्यात आणखी पाणी ओढतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने. याच साध्या पाण्याने १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याशी सामना झाला होता. सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ड्रममधून वाटलं आणि तीसच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांखाली आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. अशा माणसाला इतका उशीर का, हे मला अजून समजलेलं नाही.

बाहेरच्या बाकावर एक तरुण आई आठ-नऊ महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती. तिलाही तेच विचारलं गेलं, फक्त शब्द वेगळे: लंगोट किती वेळ कोरडा आहे, रडताना डोळ्यांतून पाणी येतंय का, अंगावर पितंय का. टाळू खोल गेलीय का तेही पाहिलं. तिने एक दिवसही वाट पाहिली नव्हती, बाईंनी तिला शाबासकी दिली. मोठा धडधाकट माणूस दोन दिवस थांबू शकतो, बाळ आणि म्हातारं माणूस नाही. बाळाला ओआरएसबरोबर चौदा दिवस झिंक लिहून दिलं.

चारच्या सुमाराला आईला लघवी झाली. मावशीने हे फोनवर काकांना इतक्या मोठ्याने सांगितलं की अख्ख्या मजल्याला कळलं.

संध्याकाळी सोडताना मावशीने दह्याचा विषय काढलाच. डॉक्टरीणबाई हसल्या. काही जंतू काही तासांत लक्षणं दाखवतात, काहींना दोन ते पाच दिवस लागतात. "कदाचित तुमच्या डब्यातलंच काही असेल." शेंगाचटणीवर आलेला आळ आईला झोंबला. सलाइनची सुई निघण्याआधी ती पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली: "चटणीला काही होत नाही."

मग बाईंनी आम्ही गडावर कोणत्या रस्त्याने गेलो ते विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले होते. पुणे परिसरात मिळून संशयित दोनशेच्या वर गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता आणि संशय पाण्यावर होता. या आजारात जुलाब बरे होतात, आणि एक ते तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. फार क्वचित घडतं, घाबरायचं नाही, पण महिनाभर लक्ष ठेवायचं. पायांत मुंग्या, जिना चढताना पाय न उचलणं, गिळायला त्रास, श्वास अपुरा पडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठं हॉस्पिटल गाठायचं, गरज पडली तर १०८ ला फोन करून.

मंगळवार मऊ भात, ताक आणि झोप यांत गेला. शनिवारवाडा राहिला, पर्वती राहिली. बुधवारी संध्याकाळच्या हुतात्माने परत निघालो. स्टेशनवर आईने पाण्याची बाटली स्वतः मागून घेतली. मावशीने वहीत नवा रकाना आखला होता आणि ते पान फाडून माझ्या खिशात घातलं.

आता रोज रात्री आठला मावशीचा फोन येतो. "ताई, जिना चढलीस का आज?"

"चढले."

"न धरता?"

"कठडा धरला. पण तो मी गेली दहा वर्षं धरतेय."