तीस बाय चाळीस

बेळगावच्या अनगोळात आमचं घर बांधायला काढलंय. इंजिनियर म्हणाले, "वहिनी, नकाशात सोलर हीटर दाखवायलाच लागतंय." दाखवला. भिंतींचं मात्र कुणी विचारलं नाही.

घरांत वीज वाचावी म्हणून केंद्रानं केलेली नियमावली, इको निवास संहिता, 2018 सालची. भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॅटच्या वर जाऊ नये, असं ती सांगते. पण प्लॉट किमान 500 चौरस मीटरचा हवा. आमचा तीस बाय चाळीस फुटांचा, म्हणजे जेमतेम 111! गल्लीतल्या घरांना उकडत नाही, असं दिल्लीला वाटतं काय की.

मग आमचं आम्हीच ठरवलं. पश्चिमेला एएसी ब्लॉकची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची भिंत, खिडकीवर दोन फुटी छज्जा, गच्चीवर ऊन परतवणारी पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांची लादी. गवंडीमामा कुरकुरले, "एवढा छज्जा कशाला ओ?" एप्रिलात दुपारी तीनला इथं उभं राहून बघा म्हटलं. शिवाय आपला पाऊस आडवा येतो, ते वेगळंच.

छपरावर वीज करणाऱ्या सोलर पॅनलचं अडलंय. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे. पण कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांच्या आत बिल शून्य येतंय, तर खिशात हात घालायचा कशाला, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.